कोडमधली आपली ओळ कुठली?

पेणला रामवाडीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे. शनिवारी रोह्यालाही जाते. प्रोग्रामिंगशी काडीचा संबंध नसलेली माणसं नेटवरून कुणाचा तरी तयार कोड घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, यातलं आपल्या कामाचं कुठलं?" ते दाखवता दाखवता घसा बसतो, किस्से मात्र साठत जातात. आता तुम्ही समोर बसलायच, तर ऐका!

*

रोह्याजवळच्या वरशाचा समीर कंपनीत शिफ्टला. एक्सेलच्या तक्त्यात रात्रपाळी लाल दिसायची, त्याला निळी हवी होती. कोडमध्ये 'रेड' खोडून 'ब्लू' लिहिलं, तरी लालच! बघते तर बदल केलाय तो समजावून सांगायच्या टिपेत.

"अरे, ही ओळ कॉम्प्युटर वाचतच नाही. ती माणसांना समजावी म्हणून असते."

"आठवडाभर मी वाचतोय मॅडम, मला कुठं समजली?"

*

सुषमाताईंचा गणपतीचा कारखाना. मूर्ती ऑनलाइन दाखवायच्या होत्या, नमुना सापडला कानातल्यांच्या दुकानाचा. ताईंनी फोटो तेवढे बदलले. बाप्पाच्या खाली तसंच राहिलं, 'एक जोडी, वजनाला हलकी'. ठाण्याहून गिऱ्हाइकाचा फोन आला, "अहो, जोडी कशाला? आमच्याकडे एकच बसतो!"

ओरडा अर्थात मलाच बसला.

*

काशिनाथकाकांचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. धरमतरच्या खाडीला लागून त्यांची भातशेती. उधाणाचं खारं पाणी बांधाच्या उघाडीतून, म्हणजे पाणी सोडायच्या फळीच्या दारातून, आत शिरलं की भात गेलं, आणि जमीनही काही वर्षं नासली. पाणी चढलं की मोबाईल वाजावा, एवढंच त्यांना हवं होतं. नमुना होता कुंडीतल्या झाडाचा. माती सुकली की वाजणारा! म्हणजे काकांचा मोबाईल पाणी उतरल्यावर बोंबलणार.

"काका, 'सुकलं तर' कुठं लिहिलंय ते शोधा. तेवढंच उलटं करायचं."

"तूच कर ना गो."

"मी केलं आणि उद्या बिघडलं, तर काय करणार?"

अख्खी दुपार ते एकेका ओळीवर बोट ठेवत बसले. मी जांभया देत होते. शेवटी ओरडले, "ही बघ, हीच हाय!" तीच होती.

उधाणाच्या दिवशी मला काही राहवेना. फोन लावला, तर काकूंनी उचलला.

"हे उघाडीवर गेलेत. मोबाईल भिजंल म्हणून घरीच ठेवलाय."

मी कपाळावर हात मारला. "अहो काकू, मग वाजला तर त्यांना कळणार कसं?"

"वाजला की मगाशी! मी धावत गेले सांगायला. हे कमरेभर पाण्यात, उघाडीची फळी दाबून उभे."

"अगं बाई! आणि शेत?"

"शेतात थेंब नाय आला. मला म्हणतात कसे, 'वाजला ना? मग मॅडमला फोन करून सांग, ती ओळ मीच शोधलेली!'"