आत्याबाईंच्या झोपेची गादी

“धरा रे, धरा मला! मी चाललो खाली!”

काका गादीवर पालथे पडून ओरडत होते. कॉलेज रोडवरच्या काचेच्या दुकानात, भर दुपारी, तोंड उशीत आणि पाय रस्त्याकडे. बाहेर दोन स्कूटरवाले थांबले. एक बाई कडेवरच्या पोरासकट काचेला नाक लावून उभी राहिली. दुकानाचे मालक हात जोडून म्हणत होते, “काका, घाबरू नका. गादी तुमच्या शरीराचा आकार घेतेय.”

“घेऊ द्या की. पण परत देणार का?”

काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. अंगाने दीड माणूस आणि आवाजाने अडीच. आमच्या भाजीच्या मळ्यात त्यांनी खाकरलं तर पंचवटीतल्या रिक्षा बाजूला होत, असं मी माहेरी सांगत असे आणि माहेरचे ते मानतही. ते जन्मभर पोटावर झोपत आलेले. त्या मऊ गादीत त्यांचं पोट आधी गेलं, मागोमाग कंबर गेली, डोकं नि पाय तेवढे वर राहिले. माणसाची होडी झाली. मी एक हात धरला, आमच्या ह्यांनी दुसरा, आणि ओढून काढलं. विहिरीत पडलेली म्हैस एवढा घाम काढत नाही.

खरं तर गादी काकांसाठी नव्हतीच. ती होती आत्याबाईंच्या झोपेसाठी.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून आत्याबाई. सिंहस्थ उरकून वर्ष झालं होतं. त्या थंडीत मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हृदयाचा झटका येऊन गेला. दवाखान्यातून ते घरी आले, पथ्य पाळू लागले, थोड्याच दिवसांत शेवंतीच्या वाफ्यात उभं राहून गड्यांना शिव्याही देऊ लागले. डॉक्टर म्हणाले, पेशंट ठणठणीत आहे. बिघडल्या त्या आत्याबाई. मामंजींना जमिनीवरून उठबस नको म्हणून लोखंडी खाट आणली होती, एकाच माणसाची. आत्याबाई खाली गोधडीवर. आता खाली झोपलेल्या बाईला वरच्या माणसाचा श्वास कसा कळणार? मग ती माउली खाटेला पाठ लावून बसायची आणि हात वर करून नवऱ्याच्या छातीवर ठेवायची. उजाडेपर्यंत. एका हाताला मुंग्या आल्या की दुसरा.

थंडी संपली, उन्हाळा आला, हात काही खाली आला नाही.

दिवसा त्या उभ्या उभ्या झोपत. कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता एकदा स्वतःचा पदरच जुडीत बांधला आणि टोपलीबरोबर बाजाराला निघाल्या. हे मी वाढवून सांगतेय, त्या निघाल्या नव्हत्या. पण पदर बांधला होता. एकदा मात्र विहिरीच्या काठावर हातपाय धुवायला बसल्या आणि तिथेच डोळा लागला. यात वाढवलेलं काही नाही. मी मागून जाऊन दंड धरला तेव्हा त्या दचकून म्हणाल्या, “काय झालं? बरे हायेत ना ते?” मी तसाच दंड धरून त्यांना घरात घेऊन आले.

डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “आईला झोपवा. नाहीतर पुढचा पेशंट त्याच.”

म्हणून सुताराकडून रुंद पलंग करून घेतला, दोघं शेजारी झोपतील असा. आत्याबाईंनी तो बघून तोंडाला पदर लावला. “घरात सून हाय, लेक बाळंतपणाला आलीय, आन आम्ही म्हातारी पलंगावर? लोक काय म्हणतील?” काका म्हणाले, “वैनी, लोक म्हणतील पलंग रुंद हाय.” तेवढ्यावर तो विषय मिटला. राहिली गादी. ह्यांनी कुठून तरी ऐकलं होतं की कॉलेज रोडला एक गादी आलीय, मोठ्या हॉटेलात असते तशी, तिच्यावर पाठ टेकली की माणूस स्वतःचं नाव विसरतो. म्हणून त्या दिवशी मार्केटला वांगी नि मेथी उतरवली आणि रिकाम्या टेम्पोत सगळं घर बसलं. मामंजी पुढे, बाकी मागे. दुकानात शिरलो तेव्हा आमच्या अंगाला मेथीचा वास होता. मालक मात्र सज्जन माणूस, त्यांनी पंखा वाढवला नाही.

गादी होती मात्र खासच. पांढरी, साटिनसारखी चकचकीत, वर जाड उशीसारखा वेगळा थर शिवलेला. मी नुसता तळवा टेकवला तर तो मनगटापर्यंत गेला. माहेर माझं देवळ्याचं, आम्ही कांद्याच्या गोण्यांवर झोपून मोठे झालेलो. तोंडून माहेरची बोलीच निघून गेली, “हाई काय शे वं माय!”

भाजीपाल्याच्या घरात एक पद्धत असते. आम्ही स्वतः टोपलीत वरचा थर निवडक लावतो, म्हणून दुसऱ्याच्या वरच्या थरावर आमचा विश्वास नसतो. मामंजींनी कोबीचा गड्डा दाबावा तशी गादी चारी कोपऱ्यांत दाबली, वासही घेतला. काका तर सरळ म्हणाले, “वरचा माल झकास हाय. खालचा दाखवा.”

“खालचा कसा दाखवणार काका, शिवलेली आहे.”

“मग उसवा.”

मालकांनी घाईघाईने काउंटरखालून गादीचा कापलेला एक तुकडा काढला. त्यात दिसत होतं सगळं. प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत एकटी उभी, शेजारणीला न चिकटता. मालकांना आता चेव आला. “हीच तर गंमत आहे. एक स्प्रिंग दबली तर दुसरीला पत्ता लागत नाही. शेजारचा माणूस रात्रभर लोळू दे, तुम्हाला काही कळणार नाही.” असं म्हणून त्यांनी गादीच्या एका कडेला पाण्याने भरलेला ग्लास ठेवला आणि काकांना म्हणाले, “दुसऱ्या कडेला बसा. जोरात.”

मालकांनी काकांना नीट ओळखलेलं नव्हतं. काका बसले नाहीत, कोसळले. मला वाटलं, ग्लास आता गंगापूर धरणावर जाऊन पडतो. पण पाणी नुसतं थरथरलं. एक थेंब सांडला नाही.

“पाणी कमी भरलंय,” काका म्हणाले.

नणंदेला सातवा महिना होता. ती डाव्या कुशीवर निजली, खांदा नि कंबर गादीत आपापल्या जागी बसली, तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “वहिनी, मला इथेच बाळंत होऊ दे.” आमचे हे झोपेत घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात, डोकं पूर्वेला ठेवून निजले की उठताना पश्चिमेला. ते हातपाय पसरून पडले आणि नणंदेला लाथ मारल्यासारखं करून बघितलं. तिला हिसका बसला नाही. मी पाठीवर पडून बघितलं. पहिल्यांदा ढगावर पडल्यासारखं वाटलं, नंतर कूस बदलायला गेले तर खड्ड्यातून चढून आल्यासारखं. मला ती थोडी जास्तच लाड करणारी वाटली. पण बहुमत झालं होतं. पोटावर झोपणाऱ्यांनी लांब राहावं, बाकीच्यांनी खुशाल घ्यावी. ह्यांचा हात खिशाकडे गेलासुद्धा.

तेवढ्यात मालक म्हणाले, “पण झोपणार कोण हिच्यावर? आजी-आजोबा ना? मग दोघांनी एकदम झोपून बघायला हवं. एकट्याने बघून गादी कळत नाही.”

आत्याबाई इतका वेळ कोपऱ्यातल्या स्टुलावर पेंगत बसल्या होत्या. त्या एकदम जाग्या झाल्या. काचेबाहेर आता पाचसहा माणसं जमली होती. “मी नाय,” त्या म्हणाल्या. “रस्त्यावर? ह्यांच्याशेजारी? मेले तरी नाय.”

“अगं आई, गादी बघायची आहे, लग्न नाही लावायचं,” हे म्हणाले.

“लग्नातसुद्धा मधे कापड व्हतं,” आत्याबाई म्हणाल्या.

झालं. काकांनी शेजारच्या रॅकवरून एक डबल बेडची चादर ओढली, फुलाफुलांची. एक टोक स्वतः धरलं, एक ह्यांच्या हातात दिलं. नणंद पोट सांभाळत मधे उभी राहिली, मी तिच्या बाजूला. चादर उंच धरून आम्ही चौघं रस्त्याकडे तोंड आणि गादीकडे पाठ करून उभे राहिलो. काका “शुभ मंगल” एवढंच पुटपुटले आणि मामंजींनी चपलेने त्यांच्या पोटरीवर मारल्याचा आवाज आला. मालक बिचारे भिंतीकडे वळून कॅलेंडर वाचू लागले.

मागून बांगड्या वाजल्या. गादी काही वाजली नाही; ती वाजणारी नव्हतीच. मग आत्याबाईंचा आवाज, हळू.

“निजलात का?”

“व्हय.”

“हालून बघा बरं.”

“हाललो.”

“मला नाय कळलं.”

“आता?”

“नाय. अजून हाला.”

“अगं, लोळतोय की इकडून तिकडं!”

मालक कॅलेंडरकडे तोंड करूनच अभिमानाने म्हणाले, “बघा! मी म्हणालो नव्हतो?”

पुन्हा बांगड्या वाजल्या. आत्याबाई उठून बसल्या होत्या. “ही नको,” त्या म्हणाल्या. “हिच्यावर शेजारी माणूस हाय का नाय, तेच कळत नाय. मला पुन्हा हात ठेवून जागावं लागंल.”

इतका वेळ आम्ही सगळे ती मऊ कशी, पाठीला कशी, पोटाला कशी हेच बघत होतो. मालक वळले. गिऱ्हाईक किमतीला भ्यालं की सबब सांगतं, असं त्यांना आधी वाटलं असावं. पण आत्याबाईंचा चेहरा बघून त्यांचा तो समज गेला. आतल्या भिंतीशी गेले. तिथे एक जुन्या पद्धतीची स्प्रिंगची गादी होती, सगळ्या स्प्रिंगा एकमेकींना तारेने गुंफलेल्या, नात्यातली माणसं असतात तशा. “ही कुणी मागत नाही आता,” ते म्हणाले. “फार हलते. एकाने कूस बदलली की दुसरा उडतो. पण बघा.”

आम्ही चादर घेऊन मिरवणुकीने तिकडे गेलो.

मामंजी टेकले आणि गादी करकरली. आत्याबाई टेकल्या आणि मामंजी उचलले गेले. खोटं सांगत असेन तर जीभ झडो, पण मामंजींनी श्वास घेतला की माझ्या पाठीला वारा लागत होता.

“हाललात?” आत्याबाई.

“नाय. श्वास घेतला.”

“तो पण कळतोय,” त्या म्हणाल्या. आणि मग काहीच म्हणाल्या नाहीत.

आम्ही वाट बघितली. काकांचा हात दुखायला लागला, त्यांनी चादरीचं टोक दातात धरलं. हे कुजबुजले, “आई? घ्यायची का मग?” उत्तर नाही. मी मान वळवून बघितलं. आत्याबाई कुशीवर होत्या, पाठ मामंजींकडे, दोन्ही हात गालाखाली. थंडीपासून पहिल्यांदा ते दोन्ही हात त्यांच्या स्वतःजवळ होते. तोंड किंचित उघडं, आणि घोरणं असं बारीक, मांजर घुरघुरतं तसं.

नणंद माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. काकांनासुद्धा रडायचं होतं, पण दातात चादर होती.

दुपारी जेवायला दुकानं बंद होतात, ती वेळ झाली होती. मालकांनी घड्याळाकडे बघितलं, मग गादीकडे बघितलं. बाहेर जाऊन त्यांनी जमलेल्या माणसांना हाकललं, शटर अर्धं ओढलं, दिवे मालवले आणि आमच्यासाठी स्टुलं आणली. स्वतःचा डबा उघडला आणि प्रत्येकाच्या हातावर अर्धी अर्धी पोळी ठेवली. सगळे कुजबुजत जेवलो. काकांनी कुजबुजण्याचा तो जन्मातला पहिला प्रयत्न केला, तो शेजारच्या दुकानातसुद्धा ऐकू गेला असणार. आत्याबाई हालल्या नाहीत.

मामंजी मात्र उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडून होते. मी पोळी घेऊन जवळ गेले तर त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. उजवं पाऊल तेवढं हालत होतं, थांबून थांबून, अंगठ्यापासून घोट्यापर्यंत, आणि प्रत्येक वेळी गादी बारीक डुलायची. मी परत येऊन बसले. पोळी संपली, डबा धुतला गेला, शटरच्या खालचं ऊन फरशीवरून सरकत आमच्या चपलांपर्यंत आलं, तरी ते पाऊल चालूच.

ऊन उतरल्यावर आत्याबाई उठल्या. आपण कुठे आहोत हे कळायला त्यांना वेळ लागला, आणि कळल्यावर एवढ्या लाजल्या की गादी टेम्पोत चढेपर्यंत त्यांनी पदर खाली घेतला नाही. काका नि हे दोर बांधत होते, मालक “जपून, जपून” म्हणत होते. मी मामंजींना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. त्यांना उजवा पाय उचलून आत घ्यायला जड गेलं.

“मामंजी,” मी हळूच विचारलं, “पाय दुखत होता का? सारखा हालवत होतात.”

“नाय,” ते म्हणाले. “ती झोपली व्हती.”