डिअर शब्दाचे दोन अर्थ

लढाईच्या दिवसांत आम्ही जळगावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. हे हायस्कुलात इंग्रजी शिकवत आणि संध्याकाळी मलाही थोडं थोडं. पहिल्याच आठवड्यात डिअर हा शब्द झाला. डिअर म्हणजे प्रिय. मग डिअरर, डिअरेस्ट. डार्लिंगही त्यातूनच निघालेला, हे सांगताना त्यांनी आधी दाराकडे पाहिलं होतं.

त्या वर्षी माझा ताप काही हटेना. डॉक्टर घरी आले, तपासलं आणि बाहेरच्या खोलीत दोघं इंग्रजीत बोलू लागले. मला आतून यांचे दोनच शब्द कळले, "व्हेरी डिअर." परक्या माणसासमोर आपला नवरा असं बोलतो! त्या आनंदात मी तापातही उठून केस विंचरले.

डॉक्टर गेल्यावर मी म्हटलं, "अहो, मी ऐकलं बरं का. व्हेरी डिअर!"

यांचा चेहरा उतरला. खाटेपाशी खालीच बसले.

"अगं, मी औषधाबद्दल बोलत होतो. त्या शब्दाचा मूळ अर्थ मोलाचा. नामाआधी आला की बहुधा प्रिय, पण वस्तूबद्दल बोलताना असा शेवटी आला की महाग. औषध मुंबईहून मागवायला हवं म्हणाले, तर मी..." शिंदखेड्याकडची घरची बोली तोंडात आली, "मन्ही चूक शे."

मग खाली मान घालून बोलतच राहिले. टंचाईला डर्थ म्हणतात, तोही याच शब्दापासून झालेला. मला रागही आला नव्हता. आपण उगाच बोललो, एवढंच वाटत होतं.

सकाळी ते डॉक्टरांकडे जाऊन औषध मागवून आले. त्यानं ताप उतरला. पण घरात वर्तमानपत्र यायचं बंद झालं, यांनी चहा सोडला. "चहानं पित्त होतं," म्हणाले. मला औषधाच्या दर घोटाला अपराधी वाटे. जणू हे औषध मीच टोमणा मारून मागून घेतलं होतं.

एकदा तसं बोलून दाखवलं.

"तुझं काय चुकलं?" ते म्हणाले. "वर्गात मुलांना दोन्ही अर्थ सांगतो. तुला एकच सांगितला."

पुढं पुष्कळ दिवस आमचा तास झालाच नाही. मी पुस्तक काढलं की त्यांना काहीतरी काम आठवे. मग मीही आग्रह सोडला.