पुस्तकांच्या गाडीचा थांबा
पनवेलच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते, तेव्हा आम्ही आसपासच्या गावांत पुस्तकांची गाडी न्यायचं ठरवलं. थांबा ठरवायला मी खाडीकाठच्या एका गावात गेले. ते गाव विमानतळासाठी उठणार होतं. अंगणात मासळी सुकवणारी एक मावशी म्हणाली, "गावच ऱ्हानार नाय, तर गाडी कुठं थांबवशील, बाय?"

"तुम्ही राहायला जाल तिथं," मी म्हणाले खरी, पण मनातून धास्तावले होते.

पुढे ते लोक नव्या वसाहतीत गेले. घरं लांबलांब पडली. गाडी पहिल्यांदा तिथं नेली, तेव्हा मावशी नातीसाठी गोष्टींचं पुस्तक शोधत होती. तेवढ्यात तिची जुनी शेजारीण आली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पुस्तकं राहिली बाजूला. त्यांच्या गप्पा संपेपर्यंत आम्ही गाडी हलवली नाही.