बटणापर्यंत न्यूट्रल

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला त्याला आता दोन वर्षं होतील. उजवा हात निकामी झाला, उजवा पाय ओढत चालायला लागले, आणि बोलणं इतकं कमी झालं की आई म्हणायची, "घरात माणूस आहे की नाही तेच कळत नाही." मूळचे ते ओवे गावचे, आगरी शेतकरी घरातले. पण उभं आयुष्य पनवेलमध्ये शिडी खांद्यावर टाकून वायरमन म्हणून हिंडले. आमच्या घराचं वायरिंगही त्यांच्याच हातचं.

मी खारघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. एका संध्याकाळी कामावरून आले तर बाबांच्या खोलीत काळोख. झोपले असतील असं वाटलं. दिवा लावला, तर पलंगावर टक्क जागे बसलेले.

"अंधारात का बसलात?"

"तुजी आय आत्ताच आडवी झाली. गुडगे दुकतात तिचे. कशाला उटवू?"

मग आईकडून कळलं की हे रोजचंच. दिवा हवा म्हणून हाक मारणं त्यांच्या जिवावर यायचं. बटण दारापाशी, पलंग खिडकीपाशी. मधली दहा पावलं एकट्याने चालायची त्यांना भीती वाटायची, आणि ती भीती सांगायची लाज.

त्याच आठवड्यात मी रिमोटवर चालणारा स्विच मागवला. काडेपेटीएवढी डबी होती, बटणांच्या मागे बोर्डात बसवायची. रिमोट बाबांच्या डाव्या हाताशी राहील, दिवा आणि पंखा दोन्ही त्यावर चालतील. नुसतं बोलूनही चालतील, असं खोक्यावर लिहिलं होतं.

बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराने इलेक्ट्रिशियन पाठवला. पन्नाशीचे गृहस्थ, पनवेलचेच कोकणी मुसलमान, बरीच वर्षं आखातात काम करून परतलेले. आत येताच म्हणाले, "सलाम काका." बाबांनी नुसती मान हलवली. दारापाशी बोर्ड उघडून त्यांनी आत पाहिलं आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"ताई, इथे न्यूट्रलच नाहीये."

मला काही कळलं नाही, हे त्यांना चेहऱ्यावरून दिसलं असावं. ते समजावून सांगू लागले. "साध्या बटणाला न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, लागत नाही. वीज आणणारा फेज बटणावर येतो, बटण दाबलं की पुढे दिव्याकडे जातो. न्यूट्रल वरच्या वर दिव्यालाच जोडलेला असतो. पण ही तुमची डबी दिवा बंद असला तरी जागी राहणार, रिमोटचा हुकूम ऐकायला. तिला स्वतःला वीज पाहिजे. मग न्यूट्रल बटणापर्यंत आणावा लागेल. ह्या बोर्डावर प्लग असता तर तो इथे मिळाला असता."

प्लग होता, पण समोरच्या भिंतीवर.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "तिथून भिंतीवर प्लास्टिकची पट्टी मारून तिच्यातून तार आणतो. तासाभरात होईल."

"नाय."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. बाबा पलंगावर ताठ बसले होते.

"पट्टी नाय मारायची. आत पाइप हाय."

इलेक्ट्रिशियननी मेन बंद केला आणि बोर्डातून पाइपात तार ओढायची स्प्रिंग सारली. वर जाऊन अडली. पुन्हा सारली, तिथेच अडली. "जाम आहे काका. आत सिमेंट गेलंय वाटतं."

"जाम नाय. डब्यात अडते ती." बाबांनी डावा हात उचलून दारावरची भिंत दाखवली. "चौकटीपासून दोन वीत वर. डावीकडं एक वीत."

तिथे नुसता गुळगुळीत रंग होता. आणि मला एकदम आठवलं. पाच-सहा वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा तिथे जंक्शन बॉक्सचं, म्हणजे तारांचे जोड असतात त्या डब्याचं, गोल झाकण होतं. दिसायला वाईट म्हणून मीच रंगाऱ्याला सांगून ते पुट्टीने बुजवलं होतं. बाबा तेव्हा नको म्हणाले होते. "आता कोण उघडणार आहे ते?" असं मी त्यांना म्हटलं होतं.

"बाबा, ते मीच बुजवलं," मी म्हणाले.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. तेवढंच. रागाने नाही.

इलेक्ट्रिशियन स्टुलावर चढून भिंत ठोकत गेले. ठक, ठक, ठक, आणि मग पोकळ आवाज. पुट्टी खरवडल्यावर गंजलेल्या दोन स्क्रूंचं झाकण दिसलं. ते उघडून त्यांनी आत टॉर्च मारला.

"माशाअल्ला! काय हात आहे काका तुमचा. इतक्या वर्षांत एक जोड ढिला नाही."

तोवर बाबा उठले होते. पलंगाचा कठडा, मग कपाट, मग माझा खांदा धरत ते दारापर्यंत आले आणि चौकटीला टेकून उभे राहिले. धूळ पडते म्हणून झाडू घेऊन आलेली आई तो भिंतीला टेकवून त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली.

"काका, न्यूट्रलच्या काळ्या तारांचे जोड दोन आहेत. कुठला घेऊ?"

"एक इन्वर्टरचा. त्याला हात लावू नको. दिव्याच्या लाइनीचा घे, मागचा. आनी नुसत्या टेस्टरवर जाऊ नको. बल्ब लावून बग."

त्यांनी तसंच केलं. मेन चालू करून पिशवीतला तारा जोडलेला बल्ब लावून पाहिला, पेटला. मग मेन पुन्हा बंद. डब्यापासून बोर्डापर्यंत काळी तार दहा मिनिटांत खाली उतरली.

बोलून चालवायचा प्रयोग मात्र फसला. बाबांनी जड जिभेने तीन-चारदा सांगितलं, "दिवा लाव." मोबाइलमधल्या बाईने प्रत्येक वेळी नम्रपणे माफी मागितली.

"तिला आगरी येत नाही, काका," इलेक्ट्रिशियन म्हणाले, आणि बाबा हसले. झटका आल्यापासून त्यांना असं पोटातून हसताना मी पाहिलं नव्हतं.

रिमोट त्यांना लगेच जमला. पहिले दोन दिवस त्यांनी दिवा आणि पंखा इतक्या वेळा चालू-बंद केला की आईने रिमोट काढून घ्यायची धमकी दिली. डब्याच्या झाकणाला मी ह्या वेळी नवे स्क्रू लावून घेतले. त्यावर रंग दिला नाही.

महिन्याभराने इलेक्ट्रिशियनचा मला फोन आला. जुन्या गल्लीतल्या एका घरात त्यांचं काम चालू होतं आणि तिथेही पाइप सापडत नव्हता. घरमालकाने सांगितलं होतं, वायरिंग बाबांनी केलेलं. "काका आहेत का?" त्यांनी विचारलं. मी व्हिडिओ लावून फोन बाबांच्या डाव्या हातात दिला.

तेव्हापासून असे फोन अधूनमधून येतात. आता ते थेट बाबांच्या नंबरवर येतात. परवा चहा घेऊन गेले तर ते फोनवरच्या भिंतीकडे डोळे बारीक करून पाहत होते.

"मागं हो जरा," ते सांगत होते. "खिडकी दिसू दे मला."