न मिळणारं स्वस्त इंजेक्शन

आमच्या घरी रॉकेल फार स्वस्त होतं. फक्त मिळत नव्हतं.

भिवापूरला आई मिरचीच्या सातऱ्यावर कामाला जायची. सातरा म्हणजे मिरची वाळवायची आणि तिचे देठ तोडायची मोकळी जागा. बाया दिवसभर देठ खुडत बसतात. संध्याकाळी तिच्या हातांची इतकी आग व्हायची की ती आम्हाला जवळ घेत नसे. लेकरांच्या डोळ्याला हात लागेल म्हणून. रेशनचं रॉकेल यायचं त्या दिवशी तिची मजुरी बुडायची, कारण लाइनीत उभं राहावं लागे. भाव सरकारनं बांधून दिलेला. तिचा नंबर येईपर्यंत दुकानदार म्हणायचा, "संपलं." तेच रॉकेल मागच्या दारानं तिप्पट भावात मिळायचं. आम्ही अंधारात जेवायला बसलो की बाबा म्हणत, "स्वस्त हाय नं? मंग काहून रडता?"

त्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. बी.फार्म. हे मी अभिमानानं सांगते. कोणाला खटकलं तर खटको.

आज मी नागपूरला सदरमध्ये औषधांच्या एका होलसेल फर्ममध्ये परचेस सांभाळते. कंपनीकडून माल मागवायचा, मेडिकल दुकानांना पोचवायचा. फर्मच्या लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून नाव माझं आहे. म्हणजे काही चुकलं तर आधी मी अडकणार, मग शेठजी.

सुनंदा पहिल्यांदा आली तेव्हा दुपारची गर्दी होती. प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेलं प्रिस्क्रिप्शन. मी न बघताच सांगितलं, "आम्ही पेशंटला देत नाही ताई. मेडिकलमधून घ्या."

"सगळे मेडिकल पाहून झाले मॅडम. मेडिकलवाल्यानंच इकडं धाडलं. म्हने माल इथूनच येते."

चिठ्ठीवर पेनिसिलिनचं एक जुनं इंजेक्शन होतं. अंगात आठवडेच्या आठवडे टिकणारं, मांसात खोल द्यायचं. एवढ्यावरून मला आजार कळला. मी विचारलं, "कोनाले हाय? पोरीले?"

"हो. प्राची. नववीत हाय."

हा आजार जरा समजावून सांगते. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात. आपण म्हणतो, होईल बरं. घसा बरा होतोही. पण काही मुलांमध्ये शरीर घशातल्या जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटतं. झडप म्हणजे रक्त एका दिशेनं सोडणारं दार. ते दार जाड होतं, नीट मिटत नाही. दर वेळी घसा बिघडला की आणखी खराब होतं. म्हणून घसा बिघडूच द्यायचा नाही. त्यासाठी दर तीन आठवड्यांनी हे इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. एका खोलीत पाच-सहा जण झोपतात, एकाचा खोकला सगळ्यांना लागतो, अशा घरांमधला हा आजार आहे. सुनंदाचं घर म्हणजे शहराच्या कडेला वाडीत भाड्याची एक खोली. नवरा गेलेला. ती कुरियरच्या गोडाऊनमध्ये पार्सलं लावते.

मी वाडीच्याच एका डेपोला फोन लावला. कंपन्यांचा माल आधी अशा डेपोत उतरतो, तिथून आम्हाला येतो.

"बॅचच येत नाही मॅडम," डेपो मॅनेजर म्हणाला.

"कधी येईल?"

"खरं सांगू का? कंपनीनं ती लाइन बंद केली. एक वायल भरली की घाटा."

"मग भाव वाढवायला काय होतं त्यांना?"

"तुम्ही बी.फार्म. ना मॅडम?" असं म्हणून तो हसला.

हसणारच. अत्यावश्यक औषधांवर सरकार कमाल भाव ठरवतं. त्याला सीलिंग म्हणतात. त्याच्यावर एक रुपयाही लावता येत नाही. हे इंजेक्शन टपरीवरच्या दोन समोशांच्या भावात बसवलेलं होतं. त्याची पावडर बाहेरच्या देशातून येते, ती महाग झाली. वायलची, म्हणजे इंजेक्शनच्या बाटलीची, काच महागली, वीज महागली. इंजेक्शन बनवायची जागा ऑपरेशन थिएटरपेक्षा स्वच्छ ठेवावी लागते, तो खर्चही वाढला. डब्यावरचा आकडा मात्र तसाच. तेव्हा कंपन्या काय करतात? भांडत नाहीत. मोर्चा काढत नाहीत. गपचूप दुसरं औषध भरायला घेतात. पेपरात बातमीसुद्धा येत नाही.

अमरावती, रायपूर, जबलपूर, सगळीकडे विचारून झालं. कुठेच नाही.

त्याच दिवसांत ड्रग इन्स्पेक्टर साहेब नेहमीच्या तपासणीला आले. सरळ माणूस. आमच्याकडे चहासुद्धा पीत नाहीत. मी विषय काढला.

"शॉर्टेज कळवा ना वर," ते म्हणाले.

"कळवलं. उत्तर आलं, औषध यादीत आहे आणि भाव वाजवी आहे."

त्यांनी रजिस्टरचं पान उलटलं. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं काय, भाव मोकळा सोडायचा? उद्या हीच कंपनी त्याच बाईला हजाराला विकेल."

"विकू द्या. हजार दिसले की दुसरी कंपनी येईल, तिसरी येईल, भाव आपोआप उतरेल. पण आधी कोणी यायला तर पाहिजे. आज लुटायलासुद्धा कोणी उरलं नाही, साहेब."

"हे पुस्तकातलं झालं."

"पुस्तकातलं नाही. रॉकेलच्या लाइनीतलं आहे."

साहेबांचा चेहरा बदलला. "मॅडम, कोविडमध्ये लोकांना एका इंजेक्शनसाठी मंगळसूत्र मोडताना पाहिलंय मी. भाव सोडा म्हणून माझ्यासमोर बोलू नका."

त्यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. मीही पाहिलं होतं. मी एवढंच म्हणाले, "त्या इंजेक्शनचाही भाव बांधलेलाच होता, साहेब." त्यांनी रजिस्टर मिटलं आणि निघून गेले.

शेठजी आतून सगळं ऐकत होते. "क्यों पंगा लेते हो मॅडम? ते भाव ठरवत नाहीत, तुम्ही ठरवत नाही, मी ठरवत नाही."

"तेच तर म्हणते शेठजी. बनवणारा ठरवत नाही, घेणारा ठरवत नाही. मग ठरवतो कोण?"

"जिसको इंजेक्शन नहीं लगता, वो," शेठजी म्हणाले आणि फोन घेतला.

मग एक माणूस आला. पूर्वी एमआर होता, कंपनीची औषधं घेऊन डॉक्टरांकडे फिरायचा, आता काय करतो ते मार्केटमध्ये सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या वायल आहेत म्हणाला. बिल नाही. भाव छापलेल्याच्या दहापट. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हटलं. बिल नाही म्हणजे माल कुठून आला, उन्हात पडला होता की गारव्यात, त्यात औषध आहे की खडूची भुकटी, काहीच सांगता येत नाही. आजही मी नाहीच म्हणेन.

सुनंदाला हे कुठूनतरी कळलं. दुसऱ्या दिवशी ती काउंटरवर हजर.

"जास्तीचे पैसे मी देऊन राहिली नं मॅडम? सरकारच्या खिशातून थोडी जाते?"

"तसं नाही वं. त्या मालाचा भरवसा नाही."

"मंग भरवशाचा आणा. महाग आणा. मी ओव्हरटाइम करतो."

"आनता येत नाही. डब्यावर भाव छापला हाय. त्याच्यावर घेतलं तं गुन्हा. म्हनून कोनी बनवूनच नाही राहिलं."

"तो भाव कोनासाठी छापला?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

ती हसली. मोठ्यानं हसली. काउंटरवरची दोन माणसं वळून बघायला लागली. मग पिशवी उचलून ती गेली.

डॉक्टरांनी इंजेक्शनऐवजी गोळ्या लिहून दिल्या होत्या. रोज दोन वेळा, न चुकता. गोळीनं प्राचीच्या पोटात आग पडायची. आई ड्यूटीवर, बघायला कोणी नाही. चौदा वर्षांची पोर, स्वतःला धडधाकट समजणारी. तिनं गोळ्या सोडल्या. सुनंदाला हे कळल्यावर ती घाबरली आणि गोडाऊनमधल्या कोणाच्यातरी ओळखीनं त्या माणसापर्यंत पोचली. दोन वायल घेतल्या. वस्तीतल्या एका दवाखान्यात पोरीला टोचून आणल्या.

तरीही घसा बिघडला. ताप आला, सांधे धरले. मग पोरीला आडवं झोपता येईना. उशीला टेकून रात्रभर बसून राहायची. सरकारी हॉस्पिटलात नेलं तोवर झडप कामातून गेली होती.

मी वॉर्डात भेटायला गेले. सुनंदानं पदराची गाठ सोडून रिकामी वायल माझ्या हातात दिली. "पाहा बरं मॅडम, खरी होती का?"

मी अंगठा लेबलवर फिरवला. हाताला नुकतंच सॅनिटायझर लावलेलं होतं. अक्षरं पुसली जाऊन शाई माझ्या अंगठ्याला लागली.

 ती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली.

त्या वायलमध्ये नेमकं काय होतं, कोणाला माहीत. मी ती इन्स्पेक्टर साहेबांकडे नेऊन दिली. त्यांनी धावपळ केली, खरोखर केली. पण बिल नाही, साक्षीदार नाही, त्या माणसाचा फोन बंद, खोलीला कुलूप. या वेळी भावाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. 

प्राचीचं ऑपरेशन सरकारी योजनेत झालं. एक पैसा लागला नाही. मी बाजाराची बाजू घेणारी बाई आहे, पण जे झालं ते झालं म्हणून सांगते: डॉक्टर चांगले होते, बसवलेली नवी झडप चांगली होती, पोर जगली. सुनंदा ऑपरेशननंतर म्हणाली, "लाखाची झडप फुकट देली मॅडम. तेव्हा कोनी म्हनलं नाही का भाव जास्त हाय."

मी त्यानंतर गप्प बसले नाही. आमच्या असोसिएशनकडून अर्ज, स्मरणपत्रं, पुन्हा अर्ज. माझ्यासारखे इतर शहरांतले लोकही लिहीत असणार. कोणाच्या अर्जानं झालं ते सांगता येत नाही, पण पुढे सरकारनं काही जुन्या औषधांचे कमाल भाव वाढवून दिले. त्यांत हे इंजेक्शनही होतं. पेपरात एका कोपऱ्यात बातमी आली, औषधं महागली म्हणून. दोन जण माझ्याशी रागानं बोलले, गरिबांनी काय करायचं? मी त्यांना विचारलं, काल गरीब काय करत होते?

काही आठवड्यांत डेपोतून फोन आला. "मॅडम, माल आला." आधी एका कंपनीचा, मग दुसरीचा. वाढलेला भाव किती होता म्हणाल, तर दोनाऐवजी तीन समोसे. एवढ्यासाठी एका पोरीची छाती उघडावी लागली.

भाव कागदावर खाली आणता येतो. कागदानं माल तयार होत नाही. इतकी साधी गोष्ट शिकायला बी.फार्म. लागत नाही, पण ती शिकणं फार महाग पडतं, आणि फी भलताच कोणीतरी भरतो.

आता ते इंजेक्शन नागपुरात मिळतं, छापलेल्या भावात आणि बिलासकट. प्राचीलाही दर तीन आठवड्यांनी मिळतं. त्याशिवाय रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज, जन्मभर. मूल होऊ देणं तिच्यासाठी धोक्याचं आहे, असं डॉक्टरांनी सुनंदाला बाजूला घेऊन सांगितलंय. पोरीला अजून सांगितलेलं नाही. ती अकरावीला आहे. सायन्स घेतलंय.