स्ट्रीट बारा, पण कोणत्या सेक्टरची?

भिलाईकरांनो, कोणाले घरी सोडून द्यायचं असेल तं आधी सेक्टर विचारा. आज मी नाही विचारला.

सकाळी ड्युटीवर निघालो, तं सिविक सेंटरपाशी एक आजी जड थैली घेऊन उभी होती. नागपूरकडून भाच्याकडे पहिल्यांदाच आलेली. "स्ट्रीट बारा, क्वार्टर चार ए," एवढंच तिले पाठ. आमच्या सेक्टर ६ मधी माह्या घरामागंच तं हे! बसवलं स्कूटरवर.

दार उघडणाऱ्या ताईले वाटलं, सासरकडचं कोणी असेल. पाया पडली, पोहे केले. आजीनं थैलीतल्या कुरड्या काढून तिच्या हातात दिल्या. मंग विचारलं, "माहा सुरेश ड्युटीवर गेला का?"

ताई म्हणे, "कोण सुरेश?"

आजीच्या मोबाइलवरून भाच्याले फोन लावला, तं कळलं, सुरेश राहते सेक्टर २ मधी. तिथंही स्ट्रीट बारा, तिथंही चार ए.

परत स्कूटर काढली. ड्युटीले लेट झालो, अन् वरून सुरेशभाऊ माह्यावरच भडकला, "इतके वर्ष इथं राहून सेक्टर नाही विचारत?" लय राग आला. म्हटलं, आता कोणालेच लिफ्ट द्यायची नाही.

तं आजीच सुरेशले बोलली, "त्याले कावून रागावून राहिला? तिथं मी पोहे खाऊन आली. तू अजून पाणी नाही विचारलं."

रविवारी ताईनं आजीले जेवायले बोलावलं हाय, त्याच चुकीच्या घरी. नेणार कोण? मीच!

खरं सांगा, अनोळखी म्हातारं माणूस दारात आलं, तं तुम्ही आधी नाव विचारता का चहा ठेवता?