कागदावरची थंडी

बावीस वर्षं घरोघरच्या पिंपांत टॉर्च मारून डासांच्या अळ्या शोधणाऱ्या त्या माणसाला सगळी वस्ती अळीमामा म्हणायची. दरवर्षी ठरलेल्या तारखेच्या सुमारास थंडी पडायची, डास कमी व्हायचे आणि फवारणीचे पंप कोठीत कुलूपबंद व्हायचे. यंदा तारीख उलटली तरी थंडीचा पत्ता नव्हता. उकाड्यात आठवड्याभरात अळीचा डास होत होता आणि घरटी एक माणूस तापाने फणफणत होता.

मामा कोठीच्या साहेबांकडे गेला. "साहेब, पंप द्या."

"थंडी सुरू झालीय," घाम पुसत साहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे फवारणी बंद."

मामाचं डोकंच फिरलं. "अहो, मग तुमचा नियम जाऊन डासांना वाचून दाखवा! आणि आधी तो डोक्यावरचा पंखा बंद करा!"

साहेबांनी पंखा वाढवला.

हेलपाटे घालून घालून मामाने पंधरा दिवसांनी वरून मंजुरी आणली. कोठीला कुलूप.

"साहेब कुठायत?" त्याने शिपायाला विचारलं.

"दवाखान्यात. डेंग्यू झालाय."

"बरं, किल्ली?"

"उशाखाली घेऊन झोपलेत. दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, असा नियम आहे म्हणाले."